इंजिन ऑइल नेमकं कुठून गळतंय? गिअरबॉक्स उतरवण्याआधी काय तपासायचं?

कोलशेतकर
नमस्कार मंडळी. १.२ लिटर पेट्रोल हॅचबॅक, २०१४ चं मॉडेल, चार सिलिंडर, टायमिंग चेनवालं इंजिन, मॅन्युअल गिअर. रनिंग नव्वद हजारांच्या पुढे. स्टिल्ट पार्किंगमध्ये पेव्हर ब्लॉकवर काळे डाग पडतायत. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडलेत, बरोबर त्या सांध्याखाली थेंब पडतो. गॅरेजमध्ये खालून टॉर्च मारून निकाल दिला: "मागचं क्रँक सील (क्रँकशाफ्टच्या गिअरबॉक्सकडच्या टोकाला ऑइल अडवणारी रिंग) गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल, उतरवतोयच तर क्लचप्लेट पण टाकून घ्या." डिपस्टिकवर लेव्हल थोडी उतरते, पण मिनिममच्या वर आहे. ऑइलचा लाल दिवा लागत नाही, धूर नाही. एवढा खर्च करण्याआधी घरच्या घरी काय तपासता येईल? जॅक, दोन स्टँड आणि पान्यांचा सेट आहे.

पाना_दहाचा
सांध्याखाली थेंब दिसला की मागचं सील, असा सरळ हिशोब लावू नका. ऑइल खाली वाहतं, आणि गाडी चालताना समोरून येणारा वारा ते मागे ढकलतो. म्हणजे गळतीची जागा नेहमी थेंबाच्या वर असते, आणि बऱ्याचदा पुढेही. खाली दिसतो तो फक्त ओघळाचा शेवट. बेल हाउसिंगचा (इंजिन-गिअरबॉक्सच्या सांध्यातलं क्लचचं आवरण) तळ हा इंजिनातल्या सखल भागांपैकी एक, त्यामुळे वर कुठेही ओलं झालं तरी शेवटी तिथेच जमतं.

सांध्याच्या बरोबर वर काय काय असतं ते आधी बघा. टॅपेट कव्हरचा (इंजिनाचं सर्वांत वरचं झाकण) गिअरबॉक्सकडचा कोपरा, कॅमशाफ्ट सेन्सरची ओ-रिंग, काही इंजिनांत हेडच्या (त्या कव्हरखालचा इंजिनाचा भाग) टोकाची गोल टोपी, आणि ऑइल प्रेशर स्विच (ऑइलचा लाल दिवा लावणारा). शिवाय चेंबरच्या (इंजिनाच्या तळाची ऑइलची टाकी) मागच्या कडेचा सिलिकॉनचा सांधा. एवढ्या सगळ्यांची सुटका झाल्याशिवाय मागच्या सीलचं नाव घेऊ नये. मागचं सील जातंही, अगदीच जात नाही असं नाही, पण त्याचा नंबर शेवटी लावायचा. कारण एकच: ते बघायला तीन-चार तासांची मजुरी लागते आणि बाकीचं बघायला टॉर्च.

टॉर्चबरोबर छोटा आरसा घ्या. दोनशे-तीनशे रुपयांचा लांब दांड्याचा मिळतो. टॅपेट कव्हरच्या मागच्या कडेखाली, फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) बाजूला, डोकं जात नाही पण आरसा जातो. पॅकिंगच्या रेषेखाली चमकदार ओलं दिसलं तर अर्धं काम तिथेच झालं.

तुर्भेकर
त्याच्याही आधी एक पायरी: गळतंय ते इंजिन ऑइलच आहे ना?

रात्री गाडीखाली पांढरा पुठ्ठा ठेवा, फ्रीज-टीव्हीच्या खोक्याचा. चारी चाकांच्या खुणा त्यावर पेनाने करा, म्हणजे सकाळी डाग नक्की कशाखाली पडला ते कळेल. पेव्हर ब्लॉकवर जुने डाग आणि शेजाऱ्याच्या गाडीचे डाग एकमेकांत मिसळतात, त्यावरून काही ठरवू नका.

बोटाला लावून बघा. इंजिन ऑइल तपकिरी ते काळं, जळकट वास. गिअर ऑइल जास्त दाट, पिवळट-तपकिरी, आणि गंधकाचा उग्र वास, एकदा घेतला की विसरत नाही. तुमच्या बाबतीत हा फरक फार महत्त्वाचा, कारण त्याच बेल हाउसिंगमध्ये गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं सील पण असतं. ते गळलं तरी थेंब तिथेच पडणार. ब्रेक फ्लुइड पातळ, जवळजवळ बिनरंगी आणि रंग खाणारं. ते चाकांच्या आतल्या बाजूला किंवा क्लच सिलिंडरपाशी सापडलं तर ऑइल राहू दे बाजूला, आधी ब्रेक बघा. कूलंट गोडसर वासाचं, हिरवं, लाल किंवा निळं. आणि एसीचं पाणी ते पाणीच. उन्हाळ्यात भरपूर पडतं, त्याने घाबरणारे दर मे महिन्यात येतात.

कोलशेतकर
पुठ्ठा ठेवला. काळं, पातळसर, गंधकाचा वास अजिबात नाही. इंजिन ऑइलच आहे. रात्रीत पाच-सात थेंब.

पाना_दहाचा
मग थेंबांचा हिशोब करू. साधारण २० ते ४० थेंबांचा एक मिलिलीटर धरा. रात्रीचे सात थेंब म्हणजे पाव मिलीच्या आसपास, महिन्याचे दहा मिलीसुद्धा नाहीत. बऱ्याच छोट्या गाड्यांत डिपस्टिकवर मिनिमम ते मॅक्सिममचं अंतर पाऊण ते एक लिटरचं असतं. महिन्यात पाव काडी उतरली तर दोनशे मिलीच्या वर ऑइल गेलं. पार्किंगमधले थेंब त्याचा हिशोब देऊ शकत नाहीत.

म्हणजे दोनच शक्यता. एक, इंजिन चालू असताना, ऑइलला प्रेशर असताना जास्त गळतंय. तसं असेल तर प्रेशर लागणाऱ्या जागा आधी बघायच्या: प्रेशर स्विच, फिल्टर, ऑइल कूलर असेल तर त्याचं पॅकिंग. दोन, ऑइल जळतंय. सकाळी पहिल्या स्टार्टला किंवा उतारावर ॲक्सिलरेटर सोडून परत दाबल्यावर निळसर धूर येतो का ते मागच्या गाडीतल्या माणसाला बघायला सांगा. स्वतःला आरशात नीट दिसत नाही.

लेव्हल बघताना गाडी सपाट जागी, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटांनी. स्टिल्टमध्ये ड्रेनेजसाठी उतार ठेवलेला असतो, तिथे काडीवर दोन-तीन मिलिमीटरचा फरक सहज पडतो.

पामबीच_नेरूळ
आता धुणं. घाणेरड्या इंजिनावर गळती शोधणं म्हणजे वेळ घालवणं. पण धुण्यातच लोक नवी कामं काढतात, म्हणून सविस्तर लिहिते.

इंजिन कोमट असावं. हात ठेवता येईल इतकं. रेडिएटर फॅन चालू असताना पाणी मारू नका. अल्टरनेटर, कॉइल्स (स्पार्क प्लगवर बसणाऱ्या), फ्यूज बॉक्स आणि एअर फिल्टरचं तोंड प्लॅस्टिकच्या पिशव्यांनी झाका आणि रबर बँड लावा. डीग्रीझर फवारून दहा मिनिटं थांबा, जुन्या टूथब्रशने पॅकिंगच्या रेषा, बोल्टची डोकी, चेंबरची कड घासा, मग हलक्या धारेने धुवा. सर्व्हिस सेंटरातला प्रेशर जेट इंजिनाच्या वरच्या भागावर नको. पाणी कॉइलखाली स्पार्क प्लगच्या विहिरीत जातं आणि दुसऱ्या दिवशी गाडी मिसफायर करते.

रॉकेल किंवा डिझेल मारून धुण्याची जुनी पद्धत टाळा. बेल्ट आणि रबरी होजना ते चांगलं नाही, आणि त्याचा तेलकट थर मागे राहतो, मग नवीन गळती ओळखू येत नाही. शेवटचा हात ब्रेक क्लीनरने. तो उडून जातो आणि पृष्ठभाग कोरडा ठणठणीत राहतो. मात्र तो पेट घेतो, त्यामुळे गरम एक्झॉस्टजवळ आणि बंदिस्त बेसमेंटमध्ये अजिबात नको.

खालचं प्लॅस्टिकचं किंवा पत्र्याचं गार्ड काढा. त्यात जुनं ऑइल साठलेलं असतं आणि ते आठवडाभर ठिबकत राहतं. दुरुस्ती झाल्यावरही "अजून गळतंय" म्हणून भांडणं होतात त्यातली कितीतरी या गार्डमुळे.

पामबीच_नेरूळ
राहिलंच. धुतल्यावर काय करायचं:

साधी युक्ती, टाल्कम पावडर. संशयित जागा पूर्ण सुकल्यावर पावडरचा पातळ थर फुंकून बसवा. मग गाडी गरम होईपर्यंत चालवा. कोलशेतहून गायमुख घाटापर्यंत जाऊन परत या. ट्रॅफिकमध्ये अडकलात तरी फुकट जात नाही, इंजिन गरमच व्हायला हवं. परत आल्यावर पावडरवर गडद रेघ जिथून सुरू होते ती जागा. रेघ जिथे संपते तिकडे बघायचं नाही. पावसाळ्यात ही युक्ती चालत नाही, खालून उडणारं पाणी पावडर धुऊन नेतं.

जून ते सप्टेंबरसाठी यूव्ही डाय, म्हणजे अतिनील प्रकाशात चकाकणारा रंग. इंजिन ऑइलसाठी वेगळा मिळतो, एसी गॅसचा डाय यात घालू नका. बाटलीवर प्रमाण लिहिलेलं असतं, बहुतेकांत चार लिटर ऑइलला ३० मिलीच्या आसपास. वाटीभर ताज्या ऑइलमध्ये कालवून फिलर कॅपमधून ओता, आणि तेवढं ऑइल धरून लेव्हल मॅक्सच्या वर जात नाही ना ते बघा. पंधरा-वीस मिनिटं चालवा, रात्री किंवा अंधाऱ्या बेसमेंटमध्ये ३६५ ते ३९५ नॅनोमीटरच्या टॉर्चने आणि पिवळ्या चष्म्याने बघा. हिरवट-पिवळं चकाकतं. गळती बारीक असेल तर तीन-चार दिवस चालवून बघा. डाय ऑइल बदलेपर्यंत आत राहिला तरी बिघडत नाही. ओतताना बाहेर सांडला तर मात्र कापडाने पूर्ण पुसा, नाहीतर फिलर कॅपपासून चेंबरपर्यंत सगळं इंजिन चकाकेल आणि निष्कर्ष शून्य.

वाशी_१७
एवढं सगळं कशाला? जाड ऑइल टाका, २०डब्ल्यू-५० वगैरे. आणि वर एक बाटली लीक-स्टॉप. गळती बंद. सगळे टॅक्सीवाले हेच करतात.

पाना_दहाचा
जाड ऑइलने थेंब कमी होतात, गळती तशीच राहते. तुमचं इंजिन ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३० साठी बनलेलं असेल तर त्यातल्या ऑइलच्या वाटा आणि चेन टेन्शनर त्याच हिशोबाने आहेत. थंड स्टार्टला जाड ऑइल वरपर्यंत उशिरा पोहोचतं, तेवढा वेळ कॅम आणि चेन कोरडे घासतात. लीक-स्टॉप रबर थोडं फुगवतं आणि मऊ करतं. कडक झालेल्या ऑइल सीलला काही महिने दिलासा मिळू शकतो. पण तुटलेल्या पॅकिंगवर, सिलिकॉनच्या सुटलेल्या सांध्यावर किंवा सैल बोल्टवर त्याचा काही उपयोग नाही. म्हणून आधी जागा शोधा. सीलच असेल आणि गाडी वर्षभरात विकायचीच असेल, तर बाटली टाका, मी अडवणार नाही.

वागळे_इस्टेट
लीक शोधतोय तर लीक का झालं तेही शोधा. नवीन पॅकिंग टाकून तीन महिन्यांत परत ओलं, अशा गाड्यांत बहुतेक वेळा पीसीव्ही व्हॉल्व्ह तुंबलेला असतो. पिस्टन रिंगांवरून थोडे गॅस क्रँककेसमध्ये उतरतातच. पीसीव्ही ते खेचून इनटेकमध्ये पाठवतो. तो तुंबला की आत दाब वाढतो आणि ऑइल सर्वांत कमजोर सांध्यातून बाहेर पडतं.

तपासणी पाच मिनिटांची. इंजिन आयडलला ठेवून टॅपेट कव्हरवरचा व्हॉल्व्ह पाइपसकट बाहेर काढा आणि तोंडावर अंगठा ठेवा. खेच जाणवली पाहिजे. नसेल तर व्हॉल्व्ह किंवा त्याचा पाइप तुंबलाय. व्हॉल्व्ह सोडवून हलवला की आत खुळखुळ वाजायला हवी. दुसरी खूण, फिलर कॅप काढून भोकावर कागद ठेवा. पेट्रोल गाडीत कागद अलगद आत ओढला गेला तर ठीक, भकाभक वर उडाला तर आत दाब आहे. व्हॉल्व्ह नवा टाकूनही दाब तसाच असेल तर रिंगांची कथा आहे, मग कॉम्प्रेशन किंवा लीक-डाउन टेस्ट (सिलिंडर दाब धरतो का ते बघायला).

डिझेलमध्ये कॅपमधून थोडी वाफ येणं नेहमीचं, तो नियम इथे लावू नका.

डिझेलवाला_कळवा
डिझेलचा विषय निघालाच आहे तर, कारण असे धागे डिझेलवाले पण वाचतात.

टर्बो डिझेलमध्ये तीन जागा आधी बघा. कॅमशाफ्टच्या टोकाला बसवलेला व्हॅक्यूम पंप: त्याची ओ-रिंग कडक झाली की ऑइल सरळ गिअरबॉक्सवर उतरतं आणि पुन्हा तेच, "मागचं सील". दुसरी, फिल्टर हाउसिंग आणि ऑइल कूलरमधलं पॅकिंग. इथे प्रेशर असतं, त्यामुळे गळती चालू गाडीत जास्त, पार्किंगमध्ये नावापुरती. कूलरचं आतलं पॅकिंग गेलं तर ऑइल कूलंटच्या टाकीत तरंगतं, आणि लोक हेड गॅस्केट म्हणून हेड उतरवतात. तिसरी, टर्बोचा ऑइल परतीचा पाइप. गरम भागाजवळ असल्याने याची ओ-रिंग लवकर भाजून निघते.

इंटरकूलरच्या पाइपात आतून ऑइलचा पातळ थर दिसला तर लगेच टर्बो गेला म्हणू नका. ब्रीदरमधून (क्रँककेसमधले गॅस बाहेर नेणारा पाइप) थोडी ऑइलची वाफ तिथे जातेच. पाइपचा क्लॅम्प सैल असला तर तीच बाहेर येऊन सांध्यावर काळा ओलावा दिसतो. क्लॅम्प बदला, शे-दोनशेचं काम.

कोलशेतकर
सगळ्यांचे आभार. पीसीव्हीला अंगठा लावला, खेच आहे. इंजिन धुऊन पावडर टाकून चालवली. दोन ठिकाणी ओलं सापडलं. एक, टॅपेट कव्हरचा मागचा कोपरा, गिअरबॉक्सच्या बाजूचा, तिथून रेघ सुरू होऊन हेडवरून खाली बेल हाउसिंगवर गेलीय. दुसरं, ऑइल प्रेशर स्विचचं कनेक्टर काढलं तर प्लगच्या आत ऑइल भरलेलं. शिवाय एका कॉइलचं रबर बाहेर काढल्यावर टोकाला ऑइल लागलेलं दिसलं. फिल्टर आणि ड्रेन प्लग कोरडे. मागच्या सीलचं अजून सांगता येत नाही. या दोन्हीचं काम स्वतः करता येईल का?

पाना_दहाचा
येईल. कोपऱ्यावरचा डाग नेमका कुठे आहे ते जाणून घ्या. चेनवाल्या इंजिनात टायमिंग कव्हर आणि हेड जिथे भेटतात तिथे, आणि काही इंजिनांत कॅम कॅपच्या सांध्यावर, रबरी पॅकिंगखाली सिलिकॉनचा ठिपका द्यावा लागतो. पॅकिंग नवीन आणि ठिपका नाही, तर आठवड्यात तिथूनच गळणार.

कॉइलवर ऑइल म्हणजे प्लग ट्यूबचे सील गेलेत. काही गाड्यांत ते टॅपेट पॅकिंगच्या सेटमध्येच येतात, काहींत वेगळे घ्यावे लागतात, काही कव्हरमध्ये ते दाबून बसवलेले असतात. पार्ट नंबर चॅसी नंबरवरून काढून घ्या. कुर्ल्याच्या सीएसटी रोडला स्वस्तात मिळतं म्हणून नुसतं मॉडेलचं नाव सांगून आणू नका, एकाच इंजिनाचे वर्षानुसार दोन प्रकारचे कव्हर असतात.

काम असं:

इंजिन पूर्ण थंड. बॅटरीची निगेटिव्ह काढा. कॉइल्सवर १ ते ४ नंबर टाका. प्लगच्या विहिरीतलं ऑइल प्लग काढायच्या *आधी* शोषून घ्या, कापड चिमट्यात धरून, किंवा इंजेक्शनच्या सिरिंजला नळी लावून. नाहीतर प्लग निघताच ते सिलिंडरमध्ये उतरतं.

कव्हरचे बोल्ट बाहेरून आत, थोडे थोडे सैल करत काढा. कव्हर चिकटलेलं असतं, स्क्रू-ड्रायव्हरने उचकटू नका, ॲल्युमिनियमवर ओरखडा पडला की तिथून कायमची गळती. रबरी हातोडीने कडेवर हलके ठोके पुरे. जुनं पॅकिंग हाताला कडक, चपटं आणि वाकवल्यावर मोडणारं लागलं तर गळतीचं कारण हातात आलं.

दोन्ही पृष्ठभाग प्लॅस्टिकच्या खरवडणीने साफ करा. तारेचा ब्रश किंवा पॉलिश पेपर नको, त्याची बारीक कणी कॅमवर पडते. स्टीलची पट्टी उभी धरून कव्हरची कड बघा. प्लॅस्टिकचं कव्हर जुनं झालं की वाकडं होतं. पट्टीखालून उजेड मध्येच दिसला तर पॅकिंग बदलून उपयोग नाही, कव्हरच बदलावं लागेल.

नवीन पॅकिंग कोरडंच खाचेत बसवा, त्यावर सिलिकॉन फासू नका. फक्त सांगितलेल्या सांध्यांवर हरभऱ्याएवढा ठिपका. बोल्ट मधून बाहेर, तिरपे तिरपे, दोन फेऱ्यांत. छोट्या पेट्रोल इंजिनात टॅपेट कव्हरचा टॉर्क साधारण ८ ते ११ न्यूटन-मीटर असतो, पण तुमच्या मॅन्युअलचा आकडाच धरा. गळतंय म्हणून अजून आवळलं, यानेच कव्हर फुटतात. बोल्टखालचे रबरी वॉशर दबून सपाट झाले असतील तर तेही बदला. बोल्ट पूर्ण आवळलेला वाटतो, पण कव्हर दाबलं जात नाही, असा प्रकार त्यामुळे होतो.

वागळे_इस्टेट
सिलिकॉनवर एक आडवं वाक्य. बाथरूमचं, व्हिनेगरचा वास येणारं सिलिकॉन इंजिनावर लावलेलं बघितलंय लोकांनी. ते ॲसिड सोडतं, धातू गंजतो, ऑक्सिजन सेन्सर खराब होतो. 'सेन्सर सेफ' आणि 'ऑइल रेझिस्टंट' लिहिलेलं आरटीव्ही (इंजिनासाठीचं सिलिकॉन) घ्या. अनाबाँड कंपनीची ट्यूब कोणत्याही स्पेअरवाल्याकडे असते, पण ग्रेड वाचून घ्या.

आरटीव्ही हवेतल्या ओलाव्याने सेट होतं. म्हणजे आपल्याकडे पावसाळ्यात ते उलट लवकर धरतं. वर पापडी आली की सांधा चिकटत नाही, म्हणून लावल्यापासून पाच-दहा मिनिटांत कव्हर बसवा. ऑइल भरणं आणि इंजिन स्टार्ट करणं, दोन्ही ट्यूबवर लिहिलेल्या वेळेनंतरच. रात्रभर ठेवलेलं बरं.

चेंबर कधी उतरवलात तर तीन मिलिमीटर जाडीची एक सलग रेघ, बोल्टच्या भोकांच्या *आतल्या* बाजूने. जास्त लावलं की दाबून आत गेलेले तुकडे सुटतात आणि पंपाच्या जाळीवर जाऊन बसतात. ऑइल प्रेशर कमी, आणि कारण कुणालाच सापडत नाही. घोडबंदर रोडच्या खड्ड्यांत चेंबरला फटका बसलेला असेल तर ऑइल तसंच भरू नका, आधी आत जाळी वाकली नाही ना ते बघा. चेंबरचा पत्रा आत दबला तर जाळी आणि तळामधलं अंतर कमी होतं.

तुर्भेकर
प्रेशर स्विचचं: कनेक्टरमध्ये ऑइल म्हणजे स्विचच्या आतला पडदा फाटलाय. आटे गळत असते तर कनेक्टर आतून कोरडा आणि बुडाशी ओलं दिसलं असतं. म्हणजे स्विच बदलायचाच, टेप गुंडाळून भागणार नाही. तुमचं डिपस्टिकवरचं ऑइल बहुतेक इथूनच जातंय, कारण इथे चालू इंजिनात सतत प्रेशर असतं. हे आधी करा. पडदा पूर्ण फाटला तर काही किलोमीटरात चेंबर रिकामा होऊ शकतो, आणि दिवा लागेलच याची खात्री त्या स्विचवरच असते.

इंजिन थंड असताना खोल सॉकेटने काढा, खाली कापड धरा, थोडंच ऑइल येतं. नव्या स्विचच्या आट्यांवर सीलंट आधीच लावलेलं असेल तर अजून काही लावू नका. नसेल तर आट्यांना पातळ लावा, पहिले एक-दोन आटे मोकळे सोडून, म्हणजे भोकात जाणार नाही. टेफ्लॉन टेप टाळा, तुकडा आत गेला की जिथे जायला नको तिथे जातो, आणि हा स्विच अर्थ बॉडीकडूनच घेतो. आटे निमुळते असतात, जास्त जोर लावला तर ॲल्युमिनियमचा ब्लॉक चिरतो. जुन्या कनेक्टरमधलं ऑइल इलेक्ट्रिकल क्लीनरने धुवा. ऑइल वायरच्या आवरणातून केशाकर्षणाने पुढे सरकतं, म्हणून वायर हार्नेसचा एक-दीड फूट दाबून बघा.

डिझेलवाला_कळवा
फिल्टर कोरडा आहे हे चांगलं, तरी पुढच्या सर्व्हिसला लक्षात ठेवा: जुन्या फिल्टरची रबरी रिंग ब्लॉकला चिकटून राहते. नवा फिल्टर तिच्यावर बसला की दोन रिंगा एकावर एक, आणि स्टार्ट होताच ऑइलची धार. ब्लॉकवर बोट फिरवून बघा, नव्या रिंगला ऑइल लावा, हाताने टेकेपर्यंत फिरवा आणि मग पाऊण फेरा. पान्याने आवळायचा नाही. ड्रेन प्लगचा वॉशर दर वेळी नवा, दहा-वीस रुपयांची गोष्ट आहे.

कोपरखैरणे_सेक्टर
आमच्याकडे पझल पार्किंग आहे, वरच्या मजल्यावरच्या गाडीचं ऑइल खालच्या गाडीच्या बोनेटवर पडतं. यावरून सोसायटीच्या मीटिंगमध्ये जे होतं ते इथे लिहिण्यासारखं नाही. दुरुस्ती होईपर्यंत काय करावं?

पामबीच_नेरूळ
इंजिनाखाली जुना पत्र्याचा ट्रे, त्यात लाकडाचा भुसा किंवा मांजरांसाठी मिळणारी माती. रेक्झीनचा तुकडा नको, ऑइल त्यावरून घरंगळत कडेने खाली जातं. ताजे डाग धुण्याच्या पावडरची घट्ट पेस्ट लावून अर्धा तासाने ब्रशने निघतात. निथळलेलं ऑइल नाल्यात ओतू नका, आपल्याकडचा नाला ठाणे खाडीतच जातो आणि ती २०२२ पासून रामसर यादीत (जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या) आहे. बाटलीत भरून ऑइल बदलणाऱ्या गॅरेजला द्या, वापरलेलं ऑइल घातक कचऱ्यात मोडतं.

कोलशेतकर
कव्हरचं पॅकिंग, प्लग ट्यूबचे सील आणि स्विच मागवतोय. मागच्या सीलचं शेवटी कसं ठरवायचं?

पाना_दहाचा
ही दोन्ही कामं करा, इंजिन परत धुवा, गार्ड न लावता आठवडाभर चालवा. मग बेल हाउसिंगच्या तळाचा पातळ पत्रा किंवा रबरी बूच काढा. काही गाड्यांत दोन-तीन दहाचे बोल्ट असतात. त्या फटीतून मोबाइलला जोडायचा एंडोस्कोप कॅमेरा आत घाला. फ्लायव्हीलची इंजिनाकडची बाजू ओली असेल, आणि ऑइल मध्यातून बाहेर गोलाकार फेकलेलं दिसत असेल, तर सील. हाउसिंगची आतली बाजू कोरडी आणि बाहेरचा सांधाच ओला असेल तर ऑइल वरून येतंय किंवा चेंबरच्या मागच्या कडेने. आत धूळ काळी पण कोरडी असेल तर ती क्लचची धूळ, गळती नव्हे. शिवाय पहिल्या गिअरला गाडी थरथरणं, किंवा मुंब्रा बायपासच्या चढावर आरपीएम वाढूनही गाडी न ओढणं, ही ऑइल क्लचप्लेटपर्यंत पोहोचल्याची लक्षणं. ती नसतील तर घाई नाही.

सील ठरलंच तर त्याच वेळी क्लच सेट बदलणं योग्य, गॅरेजवाल्याचं तेवढं बरोबर आहे. सील बसवताना क्रँकच्या पृष्ठभागावर नखाला खाच लागते का ते बघायला सांगा. लागली तर नवीन सील जुन्यापेक्षा एक-दोन मिलिमीटर पुढे-मागे बसवायचं, म्हणजे ओठ खाचेवर येत नाही. साधं रबरी ओठाचं सील असेल तर ओठाला ऑइल लावून, पीटीएफईचं (टेफ्लॉनचं) असेल तर कोरडं. ते उलटं केलं की पुन्हा गिअरबॉक्स खाली.

कोलशेतकर
आणि टॅपेट कव्हरला टॉर्क रिंच नसेल तर?

वागळे_इस्टेट
पाव इंची ड्राइव्हचा, ५ ते २५ न्यूटन-मीटरचा भाड्याने किंवा मित्राकडून आणा. अर्ध्या इंचीचा मोठा रिंच दहाच्या खाली खरं दाखवत नाही. अगदीच नाही मिळाला तर छोटा रॅचेट डोक्यापाशी तीन बोटांत धरून, मनगटाच्या जोराने रबरी वॉशर दबेपर्यंत, बस्स. सर्व बोल्टना सारखाच. दुसऱ्या दिवशी इंजिन गरम होऊन थंड झाल्यावर एकदा हात फिरवा, पण परत आवळायचं नाही.